जुना नंबर

बँकेतला साहेब घाटावरचा, बोलणं मऊ.
स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला,
दर्शनाताई, टेम्पोचं कर्ज अवघड दिसतंय.
सिबिल सहाशे बारा.

कमी की जास्त? मी विचारलं.
सुरमईला लिलावात सहाशे बारा लागले
तर मी नाक मुरडत नाही.

तो हसला नाही. बोट खाली सरकवत गेला.
मच्छीमार सोसायटीचं, फिटलेलं.
बचत गटाचं, फिटलेलं.
आणि तळाशी, गाळात रुतलेल्या शिंपीसारखे,
सहाशे चाळीस रुपये.

पोराचे गमबूट.
फोनवर चौकोन आला होता, आत्ता घ्या, नंतर द्या.
मी अंगठा टेकवला.
मला वाटलं, पाकीटच ते.
पैसे नसले तर पाकीट रिकामं,
रिकाम्या पाकिटाचं देणं लागतं होय कोणी?

लागतं, साहेब म्हणाला.
त्या चौकोनामागं कंपनी असते, ती उसने देते
आणि थकलेल्याचं नाव वर कळवते.

पुढच्याच आठवड्यात, हर्णैच्या बंदरात
होडीवरची टोपली कमरेएवढ्या पाण्यातून आणताना
फोन कनवटीतून सुटला.
बुळुक.
जुना नंबर परत मिळेल, दुकानदार म्हणाला, कागद आणा.
ऐन हंगामात कागद कोण शोधतो?
नवा घेतला.
मग कुणी मागितलंच नाही,
आणि न मागितलेलं देणं
भरतीच्या रेषेमागच्या पावलांसारखं राहतं,
मी दीड वर्षात एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

साहेबानं मेसेजांच्या तारखा वाचल्या तेव्हा वाटलं,
पाण्याखाली तो फोन उजळत असेल रोज
आणि खेकड्यांना वाचून दाखवत असेल,
प्रिय ग्राहक, आपली थकबाकी.

घरी येऊन काय मनात आलं कुणास ठाऊक,
जुना नंबर लावला.
वाजला!

कोण पाहिजे?
मी नाव सांगितलं. पलीकडची हातोडी थांबली.
चोगले? दर्शना महादेव चोगले?
ताई, सापडलात का एकदाच्या!

पाथरीचा पंक्चरवाला, गफूरभाई.
आठवड्याला दोन फोन येतेत तुमच्या नावानं, म्हणाला.
आधी एक पोरगी, गोड बोलायची.
मग एक गडी, शिव्याच द्यायचा.
म्या सांगायचो, बाबा, मी बाई नाही,
मी समुद्रसुद्धा बघितला नाही.
ऐकतंय कोण?
मग मीच म्हणू लागलो, देईल ती,
अडचणीत असंल.

ओळख ना पाळख,
दर मंगळवारी कुणी माझी हमी देत होतं
आणि साहेबाच्या स्क्रीनवर त्याला रकाना नव्हता.

आकडा त्याला पाठ होता. दोन हजार एकशे अठरा.
अर्धेच द्या म्हणतेत, मिटवून टाकू.

साहेबाला विचारलं. तो प्रथमच खुर्चीत पुढे झुकला.
मिटवू नका.
अर्धे भरलेत तर कागदावर तसंच लिहून येतं,
आणि पुढचा बँकवाला नेमकं तेच वाचतो.
पुरते भरा, फिटलं असं लिहून घ्या, पावती जपा.

मिटलं. फिटलं.
घरी चूल फुंकताना दोन्ही शब्द
जिभेवर घोळवून पाहिले.
एकात तोंड बंद होतं.

भरले. वर त्या दिवसापर्यंतचे सात रुपये.
आकडा लगेच हलला नाही.
डाग फिका होत जातो, साहेब म्हणाला,
धीर धरा, नवं काही थकवू नका.
टेम्पो पुढच्या हंगामाला बघू.
तोवर दापोलीला सहा आसनीतूनच,
टोपलीचं पाणी शेजारणीच्या पायावर
आणि शेजारीण माझ्यावर.

पाथरीला एसटीनं सोडे पाठवले, अर्धा किलो.
कसे शिजवायचे ते विचारायला त्याचा फोन आला.
कांदा जास्त घाला, मी म्हटलं.
जरा थांबून तो म्हणाला,
ताई, या मंगळवारी फोन आलाच नाही.
चुकल्यागत झालं.

नंबर जपून ठेवलाय मी.
नाव काय घालावं सुचेना,
म्हणून लिहिलं, मी जुनी.